सहा सह्या, अठरा संगणक

इन्शिराहला आमच्या कालवा कचेरीत अकरा वर्षं झाली, तरी कागदोपत्री ती रोजंदारीवरच होती. कोणाचा संगणक रुसला की सगळ्यांना तीच लागायची, आणि कायम करायच्या लोकांची यादी निघाली की तिचं नाव नेमकं सगळे विसरायचे. कायम व्हायचं तर पंचेचाळिशीच्या आत. तिला पंचेचाळीस पूर्ण व्हायला दीड महिना उरला होता.

तेवढ्यात नकाशे काढायचं नवं सॉफ्टवेअर आलं. कचेरीचे प्रमुख शौकतसाहेबांनी तिला बोलावून सांगितलं, "अठराही संगणकांवर चालू करून दे. कैरोची समिती बघून गेली की त्याच दिवशी तुझ्या कागदावर सही करतो." बिचारी हुरळली. साहेबांच्या शब्दावर हुरळणारं आमच्यात दुसरं कोणी उरलंच नव्हतं.

आठवडाभर ती टेबलांखाली रांगत होती. कोपऱ्यातल्या खोलीत मुख्य संगणक बसवला, बाकीचे अठरा त्याला जोडले. सॉफ्टवेअर एका वेळी सहाच जणांना उघडायचं. एकाने बंद केलं की दुसऱ्याला मिळायचं. सगळे काही दिवसभर नकाशे काढत नाहीत, सहा आरामात पुरले असते. फक्त भांडारपाल बयूमीकाकांना तिने हिशेबात धरलं नव्हतं.

आमच्याकडे कचेरीतली प्रत्येक वस्तू कोणाच्या तरी ताब्यात असते. सही करून घ्यायची, आणि हरवली तर आपण भरायची. काकांनी जाडजूड वही उघडली. "सहा आलीत ना? सहा सह्या आण."

"काका, ती वस्तू नाहीये. मशिदीत नमाजाआधी वुदू करायचे नळ असतात ना, तसं आहे. नळ सहा, माणसं अठरा. हातपाय धुऊन झाले की बाजूला व्हायचं."

"पोरी, नळसुद्धा कोणाच्या तरी नावावर असतो. मागे एक पंखा गेला, तर दोन वर्षं चौकशीला खेटे घातलेत मी. बेवारशी माल मी बाहेर सोडत नाही."

शेवटी सह्या झाल्या, आणि त्या केल्या कोणी? तर सहा सगळ्यात ज्येष्ठ मंडळींनी, ज्यांनी आयुष्यात एक रेघ ओढली नव्हती. झालं! सकाळी आल्याआल्या सहाही जण सॉफ्टवेअर उघडायचे, संगणकाला कुलूप घालायचे आणि न्याहारीला फूल, म्हणजे बाकल्याची उसळ, खायला निघून जायचे. खुर्चीवर कोट टाकून हजेरी दाखवणारी ही माणसं, त्यांना यात नवं काहीच नव्हतं. नकाशे काढणारी पोरं बारा संगणकांसमोर हात चोळत बसायची.

इन्शिराहने मग एक नियम बसवला: अर्धा तास हात लावला नाही, तर आपोआप बंद. दोन दिवस कचेरीत खरंच नकाशे निघाले. तिसऱ्या दिवशी त्या सहांतल्या अवातिफबाईंनी लेखी तक्रार ठोकली, की माझ्या ताब्यातली वस्तू चोरीला गेली.

"काढून टाक गं तो नियम," साहेब म्हणाले. "समिती येईपर्यंत मला शांतता हवी."

नियम काढून टाकताना आपण आपल्याच पायावर धोंडा पाडतोय हे तिला कळत होतं. पण सही साहेबांच्या हातात होती.

समिती आली त्या सकाळी ती अवातिफबाईंपुढे अक्षरशः हात जोडून उभी राहिली. "दहा मिनिटं बंद करा हो, बाई. एकेक संगणक उघडून दाखवते, मग लगेच तुमचं तुम्हाला."

"करते की. आधी पावती दे. बयूमीच्या शिक्क्याची."

"काका तर कोणाच्या तरी मयतीला गेलेत!"

"मग मी काय करू, माझे बाई? उद्या तू म्हणशील, अवातिफने दिलंच नव्हतं."

उरलेल्या पाचांनीही हेच सांगितलं. ती मुख्य संगणकाकडे धावली. तिथून एकेकाचं बंद करता आलं असतं. पण त्या खोलीची किल्लीही काकांच्या खिशात मयतीला गेली होती.

समितीचा प्रमुख शांत माणूस होता. त्याने अठरा संगणक तपासले. सहांवर कुलूप, बारांवर 'जागा शिल्लक नाही'. त्याने आपला कागद पाहिला.

"इथे सॉफ्टवेअर अठरा लिहिलंय. सहा दिसतात. बारा कुठे गेली?"

"गेली नाहीत, साहेब. सहाच असतात, ती सगळ्यांनी मिळून..."

तेवढ्यात काका परतले. त्यांनी वही उघडून दाखवली. "माझ्या भांडारातून सहाच बाहेर पडलीत. ही सह्यांसकट."

"म्हणजे बारांची सही कोणाचीच नाही?" प्रमुखाने विचारलं.

शौकतसाहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. "बसवण्याचं काम हिच्याकडे होतं," ते म्हणाले.

समिती गेल्यावर साहेबांनी तिला खुर्ची दिली, चहा मागवला. "मनाला लावून घेऊ नकोस. चौकशी होईल, तू सुटशील. पण चौकशी चालू असताना कायम करायच्या कागदावर सही करता येत नाही, तुला माहीतच आहे."

"साहेब, महिनासुद्धा उरला नाही हो."

"माझ्या हातात असतं तर..." असं म्हणून साहेबांनी साखर ढवळली.

तिला रडूही आलं नाही, इतकी ती थकली होती. काकांनी वही तिच्यापुढे सरकवली. त्यांनाही वाईट वाटत होतं. पण रकाना काही ते रिकामा ठेवणार नव्हते. तिने सही केली. अकरा वर्षांत कचेरीच्या पक्क्या वहीत तिचं पूर्ण नाव पहिल्यांदाच लागलं, शिक्क्यासकट: हरवलेल्या बारा वस्तूंना जबाबदार.