कोपरापर्यंत हात

माझ्या चांदणी घोडीसाठी गवताचा टेम्पो दारात आला की मी बाही वर सारते आणि पहिल्याच गठ्ठ्यात कोपरापर्यंत हात खुपसते. वरून सगळंच गवत छान दिसतं. आत ऊब लागली, ओल लागली किंवा हाताला कुबट वास आला, की गठ्ठा परत. काल गवतवाले अण्णा जरा फुगलेच.

"ताई, इतकी वर्षं गवत घालतोय तुम्हाला. अजून भरवसा नाही का?"

"तुमच्यावर आहे हो, अण्णा. पण घोडीला उलटी होत नाही."

खरंच होत नाही. कुत्रं, मांजर, माणूस नको ते खाल्लं तर ओकून मोकळं होतं. घोड्याच्या पोटात गेलेलं मागे फिरत नाही. बुरशीचं गवत गेलं तर पोटशूळ उठतो, कधी जीवच जातो. म्हणून शंका आधीच घ्यायची, आणि ती घोड्याच्या वतीनं दुसऱ्या कुणीतरी घ्यायची. लोक मला संशयी म्हणतात. म्हणोत बापडे. माया डोळे मिटून करता येते असं ज्यांना वाटतं, त्यांनी खुशाल मासे पाळावेत.

सगळे गठ्ठे तपासून, जमिनीची ओल लागू नये म्हणून फळ्यांवर रचले आणि एकाची दोरी सोडून तो चांदणीपुढे टाकला. तिनं गवताकडे पाहिलंही नाही. आधी माझा ओरखडलेला हात कोपरापर्यंत हुंगला. मग मान खाली घातली आणि डोळे मिटून खायला लागली.