करपलेलं पातेलं आणि तारेची घासणी

रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात भांडी घासणाऱ्या मावशींना सगळे 'लख्ख मावशी' म्हणत. पातेलं करपून कितीही काळंठिक्कर झालेलं असो, त्या त्यात गरम पाणी आणि सोडा घालून तासभर ठेवायच्या, मग लाकडी उलथन्याने हलक्या हाताने खरवड सोडवायच्या. तारेची घासणी फक्त शेगडीच्या जाळ्यांसाठी. बावीस वर्षांत हा नेम मोडला नव्हता.

त्या दिवशी मोडला. सकाळचं दूध बुडाला लागलं होतं आणि दुपारच्या सूपसाठी आचाऱ्याला तेच पातेलं हवं होतं.

"तासभर कुठला, मावशी! दहा मिनिटांत द्या."

मावशींनी घासणी उचलली, दात-ओठ खाऊन पातेलं घासलं, विसळून दिलं. सूप झालं, जेवणाचा गाडा वर गेला. मग जाळ्या घासायला घेतल्या तेव्हा अंगठ्यात काहीतरी टोचलं. बघतात तर केसासारखी तार! घासणी पार विस्कटलेली, कुठे कुठे तुटलेली. सूप गेलं होतं घशाचं ऑपरेशन झालेल्यांच्या वॉर्डात.

"अहो, पातेल्यात तारा राहिल्यात वाटतं!"

आचारी पांढराफटक पडला. मग हळूच म्हणाला, "वाटतंय ना नुसतं? मग गप्प बसा. दोघांचीही नोकरी जाईल."

कुणी पाहिलं नव्हतं. पण मावशींचे पाय थांबेनात. लिफ्टची वाट न बघता त्या तीन जिने धापा टाकत चढल्या आणि दारातूनच ओरडल्या, "थांबा! कुणी सूप पिऊ नका!"

चमचे हवेतच राहिले. मोठ्या सिस्टर धावत आल्या. "काय झालं?"

"माझ्या घासणीची तार गेलीय त्यात. माझ्याच हातून झालंय."

सिस्टरांनी सूप पांढऱ्या फडक्यातून गाळलं. फडक्यावर दोन तारा चमकल्या. आठ वाट्या भरलेल्या होत्या, पण खिडकीजवळच्या शिक्षिकाबाईंची वाटी अर्धी झाली होती. बाईंना बोलता येत नव्हतं. त्यांनी नुसता गळ्याला हात लावला. मावशींचा जीव टांगणीला लागला.

बाईंना एक्स-रेला नेलं. बाहेरच्या बाकावर मावशी पदराचं टोक मुठीत धरून बसल्या. आत कोण काय बोलतंय ते कळत नव्हतं, आणि विचारायची हिंमत होत नव्हती. पाऊण तास गेला.

दार उघडलं. डॉक्टर म्हणाले, "काही नाही. साफ आहे."

मावशी उठून बाईंजवळ गेल्या. "बाई, माफ करा मला."

चाकाच्या खुर्चीतल्या बाईंनी वहीवर काहीतरी खरडलं आणि पुढे धरलं. मावशींना वाचता येत नव्हतं, सिस्टरांनी वाचून दाखवलं: "माफ केलं. पण मला भूक लागलीय."

मावशींना लेखी ताकीद मिळाली, आचाऱ्याने महिनाभर अबोला धरला. नोकरी मात्र दोघांचीही राहिली.