खालून पहिला थर

शालूताई कोत्तावार गेल्या त्याला आता सहा आठवडे होतील. त्या सकाळी मी ख्राइस्टचर्चच्या आमच्या हॉस्पिटलमध्ये वॉर्डांची औषधं लावत होतो आणि त्यांच्या यजमानांचा, कोत्तावार डॉक्टरांचा, फोन आला. ते भूल देणारे डॉक्टर, आयुष्यभर हळू बोलायची सवय. "मिलिंद, शालू गेली," ते म्हणाले. "चहाचा कप हातात होता…" शेवटी म्हणाले, "गॅरेजचं दार उघडं राहिलंय. तू येऊन लाव. मला तिकडे जाववत नाही." मी गेलो. दार लावण्याआधी आत उभा राहून पोटभर रडलो, ते लपवण्यात अर्थ नाही. पण आज लिहायला बसलोय ते रडण्यासाठी नाही. शालूताई जिंकल्या होत्या. परक्या देशात, पन्नाशी उलटल्यावर, गॅरेजमध्ये दगड घासून जिंकल्या होत्या, आणि ते मी जवळून पाहिलं आहे. इथल्या मराठी मंडळात त्यांची ओळख 'पुरणपोळ्या फार छान करायच्या' एवढीच उरू नये, म्हणून हा खटाटोप.

मी पुण्याहून इथे फार्मासिस्ट म्हणून आलो ते नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला. शालूताई त्याच हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होत्या. रुग्णाच्या शरीरातून काढलेल्या तुकड्याचे अतिशय पातळ काप करून ते काचेवर बसवायचे, हे त्यांचं काम. सुट्टीच्या दिवशी काय करता, असं मी सहज विचारलं, तर म्हणाल्या, "दगड घासते." मला वाटलं, बाई आपली फिरकी घेतायत. पुढच्या शनिवारी त्यांच्या घरी गेलो तर डॉक्टरांची गाडी बाहेर पावसात उभी आणि गॅरेजभर दगड. साधे दगड नव्हेत, दगड झालेलं लाकूड. कोट्यवधी वर्षांपूर्वी गाडलं गेलेलं, पाण्यातल्या खनिजांनी पेशीन् पेशी भरून निघालेलं. त्याची चकती कापायची, काचेवर चिकटवायची आणि जाड काचेच्या फळीवर, ओल्या खरखरीत भुकटीत, हाताने गोल गोल घासत राहायची, आरपार उजेड दिसेपर्यंत. एक फेरा जास्त झाला की सगळं नाहीसं. हॉस्पिटलमधला हलका हात इथे कामी यायचा. मला त्यांनी एकदा घासायला दिलं आणि पाच मिनिटांत परत काढून घेतलं.

हे वेड आलं कुठून, तर चंद्रपूरपलीकडच्या सिरोंच्याहून. वडील तिथे वनखात्यात होते आणि त्या भागात दगड झालेले झाडांचे बुंधे जमिनीतून वर आलेले आहेत. वडिलांची फिरती संपेपर्यंत ही मुलगी अशाच एका बुंध्यावर बसून डबा खायची. पुढे नागपूरला वनस्पतिशास्त्रात एम. एस्सी. केलं, जीवाश्म लाकडावर संशोधन सुरू केलं, आणि ते अर्धवट असताना लग्न होऊन इकडे आल्या. इथे त्यांच्या पदवीबद्दल कुणी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. लॅबमधल्या पोरी त्यांना 'शालू' म्हणत आणि रजा हवी असली की त्यांच्यावर काम टाकून जात.

मला त्यांनी जे शिकवलं ते एका शनिवारी समजण्याजोगं आहे, म्हणून इथे सांगतो. कौरी नावाचं प्रचंड झाड आज न्यूझीलंडच्या उत्तर टोकाकडे, उबदार हवेतच आपलं आपण वाढतं. आमच्या दक्षिण बेटावरच्या जंगलात ते नाही. इथे रीमू आणि त्याची भावंडं. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्हींच्या पेशींच्या भिंतीवर बारीक खळगे दिसतात. रीमूचे एका रांगेत, सुटे सुटे. कौरीचे मात्र दाटीवाटीने, मधाच्या पोळ्यासारखे. दुसरी खूण वलयांची. जिथे हवा वर्षभर बरी असते, तिथे झाड न थांबता वाढतं आणि वलय पुसट राहतं. कडक हिवाळ्यात वाढ थांबते, तिथे ते रेघ मारल्यासारखं उमटतं. शालूताईंना खाली दूर दक्षिणेत, एका नदीच्या कड्यात, एकावर एक असे चार थर सापडले होते. खालच्या दोन थरांत कौरीच्या जातीचं, पुसट वलयांचं लाकूड. वरच्या दोहोंत रीमूच्या कुळातलं, बारीक आणि ठळक वलयांचं. म्हणजे एके काळी आज जिथे पाय गारठतात तिथे कौरी वाढत होतं, आणि हवा थंड होत गेली तसं ते तिथून संपलं आणि रीमू राहिलं. एका कड्यात, पायऱ्या चढाव्यात तसं, हे सगळं वाचता येत होतं. त्यावर त्यांचा जीव जडला होता.

मी मागे लागलो म्हणून त्यांनी दर थरातला एक असे चार दगड आणि चार काचा विद्यापीठात तपासायला पाठवायचं ठरवलं. सोबत इंग्रजीत टिपण लिहिलं: थर खालून वर मोजले आहेत. खोका मी स्वतः बांधला. प्रत्येक दगडावर पांढऱ्या रंगाचा ठिपका आणि त्यावर काळ्या शाईने सुबक आकडा होता. मी तो पाहून एकेक दगड वर्तमानपत्रात गुंडाळला. महिन्याभराने उत्तर आलं. काप उत्कृष्ट आहेत, लिहिलं होतं, पण संग्रह भरवशाचा नाही. सर्वांत वरच्या थरात कौरी दिसतं, ते थंडीतल्या लाकडाच्याही वर. मधल्या थरांचे नमुनेच नाहीत. दगड बहुधा नदीच्या गोट्यांतून उचललेले असावेत. शालूताईंनी ते पत्र दोनदा वाचलं आणि घडी करून ठेवलं.

"वरच्या थरात कौरी नाहीच," मी म्हणालो, "तुम्ही त्यांना लिहा." त्यांनी मान हलवली. "काहून लिहू? त्यांनी पाहिलंच नाही. गोटे उचलणारी बाई म्हणतात मला." पुढे वर्षभर त्यांनी दगडाला हात लावला नाही. डॉक्टरांनी त्यांना चिडवणंसुद्धा सोडून दिलं. गॅरेजमध्ये गाडी मावायला लागली आणि त्या घरात इतकं वाईट दुसरं काही मी पाहिलं नाही. एवढं एक काम त्यांचं स्वतःचं होतं. ते कुणी खरं मानतो की नाही, यावर त्या स्वतःला काय समजतात ते ठरत होतं, आणि आता त्या स्वतःला लॅबमधली 'शालू' समजू लागल्या होत्या.

दगड तरी परत आणावेत म्हणून मी एका दुपारी विद्यापीठात गेलो. ते पत्र लिहिणारा प्रोफेसर ग्रॅहम, साठीचा, लोकरीच्या स्वेटरला कोपरावर भोक. इथे प्रोफेसरलाही नुसत्या नावाने हाक मारतात. मला अजून जड जातं. त्याने "किया ओरा" असा इथला नमस्कार करत खोका आणून ठेवला आणि सहीसाठी यादी पुढे सरकवली. यादीत लिहिलं होतं: नमुना क्रमांक 2, 3, 8 आणि 9. मी म्हणालो, हा आमचा खोका नव्हे, आमचे एक ते चार आहेत. तो म्हणाला, हाच. मी दगड हातात घेतला. शालूताईंच्या अक्षरातला स्वच्छ, शेपटीवाला १… आणि तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आपला १ हा इंग्रजी वाचणाऱ्याला चक्क 9. आपला ४ त्याच्या लेखी 8. दोन आणि तीन तेवढे दोन्हीकडे सारखे. म्हणून आमचा तळचा थर त्यांनी माथ्यावर नेला होता आणि मधले चार ते सात त्यांना सापडत नव्हते. मराठी शाळेत शिकलेल्या शालूताई हॉस्पिटलमध्ये इंग्रजी आकडे लिहीत, पण स्वतःच्या दगडांवर मनातले आकडे उतरत, आणि मी, डॉक्टरांची गिचमिड अक्षरं वाचण्यावर पोट भरणारा शहाणा, ते दगड गुंडाळताना मराठी आकडे इतक्या सहज वाचून गेलो होतो की ते मराठी आहेत हे मला दिसलंच नाही.

मी कागद मागितला आणि एक ते नऊ लिहून दाखवले. ग्रॅहमने कागद बघितला, दगड बघितला, मग चारही काचा टेबलावर नव्या क्रमाने मांडल्या. कौरी, कौरी, रीमू, रीमू. लगेच कोट घालून तो माझ्याबरोबर निघाला. गॅरेजच्या दारात शालूताई उभ्या होत्या, त्यांना मी आकड्यांचा घोटाळा सांगितला. "चूक आमची आहे," तो म्हणाला. "पण तुम्ही आम्हाला विचारलं का नाही?" शालूताई म्हणाल्या, "तुम्ही मला विचारलं का नाही?" त्याने सरळ मान डोलावली, सबब सांगितली नाही, हे मला आवडलं. पण माणूस पक्का होता. आकडे जुळले म्हणजे गोष्ट सिद्ध झाली असं नाही, म्हणाला. कडा मी डोळ्यांनी पाहीन आणि दगड माझ्या हाताने काढीन. शालूताईंनी बूट चढवले.

दक्षिणेत दोन दिवस वाऱ्यात काढले. ग्रॅहमने खालच्या थरातला तुकडा स्वतः निवडला, छिन्नीने स्वतः काढला, पिशवी बंद करून त्यावर सही केली. परत आल्यावर मात्र तो म्हणाला की घासायचं शालूताईंनीच, कारण असा काप विद्यापीठात कुणाला जमत नाही. त्या शनिवारी आम्ही तिघं त्यांच्या गॅरेजमध्ये होतो, डॉक्टरही येऊन स्टुलावर बसले होते. काच फिरल्याचा आवाज तेवढा. या तुकड्यात रीमू निघालं असतं तर सगळं संपलं असतं, आणि शालूताईंना ते आमच्याहून जास्त ठाऊक होतं. तरी हात जराही घाईत नव्हता. शेवटी त्यांनी काच पुसून ग्रॅहमपुढे ठेवली. त्याने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, चक्र इकडे तिकडे फिरवलं, पुन्हा लावला. मग उठून जागा त्यांना दिली. "कौरी," तो म्हणाला, "आणि वलयं शोधावी लागतायत." शालूताईंनी पाहिलं. "मला माहीत होतं," म्हणाल्या, आणि चहा करायला आत गेल्या त्या पंधरा मिनिटं बाहेर आल्या नाहीत. आम्हीही आत गेलो नाही.

पुढे त्या कड्याबद्दल जो शोधनिबंध छापून आला त्यावर पहिलं नाव त्यांचं होतं. विद्यापीठात त्यांचं भाषण ठेवलं, मी आणि डॉक्टर मागच्या रांगेत. निळी इरकली नेसून, कागद न घेता त्या उभ्या राहिल्या. कौरीच्या दूरच्या नातलगांचं लाकूड सिरोंच्यातही सापडतं, कारण हे दोन्ही देश एके काळी गोंडवन नावाच्या एकाच भूखंडाचे तुकडे होते, हे त्या सभागृहातल्या सगळ्यांना पुस्तकातून माहीत होतं. शालूताईंनी इंग्रजीत सुरुवात केली: "मी गोंडवनातून आले. खरंच. माझे वडील तिथे वनखात्यात होते आणि चंद्रपूरहून एस. टी. मिळते." आणि जे हसू उसळलं… गोंडांच्या मुलखावरून त्या भूखंडाला नाव पडलं, आणि त्या मुलखातली एक बाई त्यांच्यापुढे उभी होती. भाषण संपलं तेव्हा लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. कोत्तावार डॉक्टर सगळ्यांत जोरात, भूल देणाऱ्या माणसाला न शोभेल असं.

त्यानंतरची वर्षं त्यांनी झपाट्याने काम केलं. विद्यापीठातली मुलं घासायला शिकायला येत आणि पाच मिनिटांत त्यांच्याही हातातून काच काढून घेतली जाई. परवा त्यांचा सगळा संग्रह विद्यापीठात न्यायला ग्रॅहम आला. मी आदल्या दिवसापासून गॅरेजमध्ये पांढरा रंग आणि ब्रश घेऊन बसलो होतो. म्हटलं, दगड कायमचे जाणार, पुन्हा घोटाळा नको, मराठी आकडे पुसून इंग्रजी घालून द्यावेत. पहिल्याच दगडावर ब्रश टेकवणार तेवढ्यात त्याने माझा हात धरला. "राहू दे, मेट," तो म्हणाला. "आता वाचता येतं आम्हाला."

मग तो जाड नोंदवही उघडून स्टुलावर बसला. मी एकेक दगड त्याच्या हातात देत होतो आणि तो आकडा पाहून वहीत जसाच्या तसा उतरवत होता, जीभ दातांत धरून, बालवाडीतल्या पोरासारखा. त्याच्या १ ची शेपटी उलट्या बाजूला जात होती. शालूताई असत्या तर वही ओढून घेतली असती. मी शेपटी तशीच राहू दिली आणि पुढचा दगड दिला.