नळीखालचा नंबर

आमचे हे गेले त्याला अजून वर्षही झालं नव्हतं, आणि त्यांच्यावर हत्याराचा नंबर घासून काढल्याचा आळ आला. ज्या माणसाने कधी दुसऱ्याच्या वाडीतला पडलेला नारळ उचलला नाही, त्याच्यावर! मला लोक म्हणाले, जाऊ दे, आता कोणाशी भांडणार? मी म्हटलं, का जाऊ दे? ते बोलायला नाहीत म्हणून?

आधी हत्याराचं सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल कुठल्या गुंडाच्या घरची गोष्ट आहे.

जूचंद्रच्या बाजूला खाडीला लागून माझ्या सासऱ्यांचं मिठागर होतं. मजुरांची मजुरी पिशवीत घालून बांधावरून एकट्याने यावं लागे. तेव्हा त्यांनी रीतसर लायसन काढून हे रिव्हॉल्व्हर घेतलं. विलायती, आणि तेही वापरलेलं. सासऱ्यांनंतर ते आमच्या ह्यांच्या नावावर आलं. दोघांपैकी एकानेही माणूस सोडा, कावळ्यावरसुद्धा ते रोखलं नाही. मिठागर बंद झालं, तिथे भराव पडला, इमारती उभ्या राहिल्या. हत्यार तेवढं कपाटात राहिलं.

पण ह्यांना त्याचा नाद होता. चालवण्याचा नव्हे, बघण्याचा. आणि हा नाद लागला कुठे, तर पोलीस ठाण्याच्या रांगेत. निवडणूक आली की सगळ्या लायसनवाल्यांना आपापलं हत्यार ठाण्यात जमा करावं लागतं. तिथे ही रांग! कोणी बागायतदार, कोणी व्यापारी, प्रत्येकाच्या हातात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी. दुसरा माणूस घड्याळ बघत उभा राहील. आमचे हे पुढच्याला विचारायचे, "शेठ, जरा नळी बघू का?" मी डबा घेऊन बाकावर बसलेली असायचे. मला हाक मारून दाखवायचे, "हे बघ, ह्याची नळी आपल्यासारखीच, टोकाकडे निमुळती होत गेलेली. आणि त्यांची बघ, मुळापासून टोकापर्यंत सारखी जाड. कंपनी एकच, हत्यार एकच, नळ्या दोन."

मी म्हणायचे, "मग चूक कोणाची?"

"चूक नाही गं. दोन्ही एकाच वेळी निघत होत्या. ज्याला जी हवी ती."

दुपारी जेवण झालं की पेपर अंथरून ते उघडायचे. गोळ्या घरात कधी ठेवल्याच नाहीत, त्यामुळे भीती नव्हती. नळीच्या टोकावर नेम धरायची माशी असते. फार जुन्या हत्यारांना ती अर्ध्या चंद्रासारखी गोल, नंतरच्यांना घसरगुंडीसारखी उतरती. आमच्या हत्याराची नळी निमुळती, जुन्या चालीची, आणि माशी उतरती, नव्या चालीची. मी एकदा म्हटलं, हे काय धड ना इकडचं ना तिकडचं. ते हसले. "कारखाना म्हणजे घरच गं. आपल्याकडे गॅस आला तेव्हा चूल काय त्याच दिवशी फोडली का? कितीतरी वर्षं दोन्ही एकाच स्वयंपाकघरात होतं. हे त्या मधल्या वर्षांतलं आहे."

मी सातवी शिकलेली बाई. पण एक गोष्ट कोणी नीट समजावून सांगितली की ती माझ्या डोक्यातून जात नाही.

तर हे गेले. मुलीने ठरवलं की आजोबांचं हत्यार आपल्या नावावर करायचं. तोपर्यंत ते घरी ठेवता येत नाही, म्हणून लायसनवाल्या बंदुकीच्या दुकानात जमा केलं. ते ठेवायला मुलगी आणि माझे धाकटे दीर गेले होते. मला गुडघ्यामुळे नेलं नाही, आणि तिथेच घोळ झाला.

दुकानदाराने मोबाइलवर कसलातरी तक्ता काढला. म्हणाला, निमुळत्या नळीला गोल माशी हवी, हिला उतरती आहे, म्हणजे नळी दुसऱ्या हत्याराची. शिवाय ह्या काळातल्या नळीच्या पोटावर नंबर ठोकलेला असतो, तो इथे नाही, म्हणजे घासून काढलाय. असं असेल तर वर कळवावं लागेल. मुलगी रडवेली होऊन घरी आली. आणि दीर? ते घरी आलेच नाहीत. आधी नाक्यावर गेले. संध्याकाळपर्यंत दूध घालणाऱ्या बाईने मला विचारलं, "काकूंनू, काकांनी बंदुकीचा नंबर पुसला होता म्हणे?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दिरांना बोलावून घेतलं.

"भावजी, सख्ख्या भावाबद्दल नाक्यावर काय बोललात?"

"वयनी, मी कुठं काय बोललो? दुकानवाला बोलला तेच सांगितलं. दादाला नाद व्हताच ना उघडझाप करायचा? केली असंल अदलाबदल. आता गेला तो, त्याला कोन विचारतंय?"

"त्याला कोणी विचारणार नाही म्हणूनच तुमची जीभ चालली!" मी म्हटलं. "जिवंत असताना त्यांच्यासमोर मान वर करत नव्हता तुम्ही."

दुसऱ्या दिवशी मुलीला म्हटलं, रिक्षा बोलव. गुडघ्याला पट्टा बांधला आणि गेले. दुकानदार तरुण, बोलायला गोड. "मावशी, बसा, पाणी घ्या. वाईट वाटून घेऊ नका, जुन्या मालात असं होतं."

"पाणी नको. हत्यार माझ्यासमोर ठेव."

ठेवलं. मी हात लावला नाही, कायद्याने लावायचा नव्हता. म्हटलं, "नळी बदलायची तर आधी काय काढावं लागतं, सांग."

तो गडबडला. "म्हणजे... पिळून काढावी लागते."

"त्याच्या आधी?"

जिथे नळी अंगात शिरते तिथे वरच्या बाजूला एक बारीक आडवी खीळ असते. ती नळीला धरून ठेवते. ती ठोकून बाहेर काढल्याशिवाय नळी हलत नाही. आणि ठोकलेल्या खिळीचं डोकं कधी पहिल्यासारखं राहत नाही, चेचल्याची खूण राहते. हे मला ह्यांनी रांगेत दाखवलं होतं, एका व्यापाऱ्याच्या खरोखरच नळी बदललेल्या हत्यारावर. मी म्हटलं, "भिंग घे आणि खिळीचं डोकं बघ."

त्याने भिंग लावलं. एका बाजूने बघितलं, पलटून दुसऱ्या बाजूने बघितलं. "खीळ तर जागच्या जागी आहे. साफ आहे," तो हळूच म्हणाला.

"हळू का बोलतोस? काल मोठ्याने बोललास ना!"

मुलगी माझा पदर ओढत होती, "आई, जरा..." मी कसली ऐकते!

"पण मावशी, माशी?" त्याला मी गॅसची आणि चुलीची गोष्ट ऐकवली. त्याने पुन्हा मोबाइल काढला, खाली खाली सरकवत गेला, आणि तक्त्याच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं दोनदा वाचलं. मग म्हणाला, "ते मान्य. मधल्या वर्षांत अशी निघालीत. पण नंबर? नंबर नाहीच आहे, मावशी. हे बघा." त्याने गोळ्यांची चक्री बाजूला पाडली आणि नळीचं पोट माझ्यासमोर धरलं.

खरंच नव्हता. सपाट, तपकिरी, गुळगुळीत. नंबर असतो हे मला ह्यांनी सांगितलं होतं, पण आमच्या हत्यारावर मी तो कधी बघितला नव्हता. ह्यांनी तरी बघितला होता का?

मग तो तपकिरी रंग मी नीट बघितला. लोखंड गंजलं की असं दिसत नाही. हा रंग माझ्या ओळखीचा होता. आमच्या देव्हाऱ्यातल्या समईच्या बुडाला हाच रंग.

दसऱ्याला आमच्याकडे कोयते, विळे, फावडं आणि हे हत्यार एका पाटावर मांडून पूजा होते. सासूबाई ह्याला खोबरेल चोळायच्या, वर हळद-कुंकू. हे ओरडायचे, "आई, खोबरेल नको, चिकटतं ते!" त्या म्हणायच्या, "देवाला चालतं, तुला काय झालं?" आणि वरून लावून त्यांचं भागत नसे. चक्री पाडायला लावून पोटालाही लावायच्या. वरचं हे नंतर पुसून काढत. पोटाचं आईच्या हातचं म्हणून राहू देत. त्यांच्यामागे मीही तसंच लावत आले. दर दसऱ्याला एक थर.

"रॉकेल आहे का?" मी विचारलं. "आणि दात घासायचा जुना ब्रश?"

"मावशी, दुकानात..."

"असेल ते आण."

त्याच्याकडे साफ करायचं तेल होतं. मी सांगत गेले, तो घासत गेला. आधी चिकट काळं निघालं, मग पिवळं. मग त्याचा हात थांबला. पोटावर एकामागून एक आकडे उठून दिसत होते, आणि प्रत्येक आकड्याच्या खाचेत लाल कुंकू भरलेलं. मुलीने हत्याराच्या अंगावरचा नंबर आणि नळीच्या पोटावरचा नंबर ताडून बघितला. एकच.

दुकानदार म्हणाला, "चुकलं माझं, मावशी." सरळ म्हणाला, ते मी मान्य करते. वर काही कळवलंही नाही त्याने.

पण माझं समाधान झालं का? नाही झालं. आळ घातला तो नाक्यावर, आणि चुकलं म्हणायचं ते चार भिंतींत? दिरांना कळलं तर ते म्हणाले, "चला, मिटलं." काय मिटलं? ज्यांनी ऐकलं होतं, ते अजून तेच सांगत फिरत होते.

यंदाच्या दसऱ्याला हत्यार मुलीच्या नावावर होऊन घरी आलं. मी पाट मांडला, आणि फक्त घरच्यांना नाही, आळीतल्या सगळ्यांना बोलावलं. दूध घालणारी बाईसुद्धा आली. पूजा झाल्यावर मुलीने चक्री बाजूला पाडून हत्यार दिरांसमोर धरलं.

"भावजी, चष्मा लावा," मी म्हटलं. "आणि दादाच्या हत्याराचा नंबर वाचा. मोठ्याने. नाक्यावर बोलता तेवढ्या मोठ्याने."

त्यांनी इकडेतिकडे बघितलं. कोणी हसलं नाही. मग त्यांनी चष्मा लावला आणि एकेक आकडा वाचला. एक आकडा अडखळत वाचला, तर मी पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावलं.