मे महिन्यातलं गाव

आमच्या ह्यांना गावाकडची गाणी फार आवडायची. नातीने मोबाइलवर ती लावायला शिकवलं आणि मुलुंडच्या आमच्या दोन खोल्यांत दिवसभर नदी, माळ, हसत पाणी भरणाऱ्या बाया. मला वैताग यायचा. आमच्या गावची विहीर उतारावर खाली. डोक्यावर दोन हंडे आणि कमरेवर कळशी घेऊन चढताना हसणारी बाई मी तरी पाहिली नाही.

हे पंधराव्या वर्षी मुंबईला येऊन गिरणीत लागले. लग्नानंतर मी अकरा वर्षं गावात सासूजवळ, हे इकडे दहाजणांच्या खोलीत. तेव्हा तशीच रीत होती. वर्षातून दोनदा यायचे, मेमध्ये आणि गणपतीत. मेमध्ये आंबे, फणस, ह्यांच्यासाठी कापलेला कोंबडा. गणपतीत भजनं. आषाढात भाताची लावणी करून माझ्या पायाच्या बोटांतली कातडी कुजायची, ते ह्यांनी कधी पाहिलं नाही. ह्यांचं गाव खोटं नव्हतं. ते मे महिन्यातलं होतं.

गेल्या वर्षी ह्यांना दम लागायला लागला.

"गावाक जाऊया गो," म्हणाले, "मे म्हयन्यात. एकदाच."

मुलाने कुर्ल्याहून सुटणाऱ्या गाडीची तिकिटं काढली. मी ती रद्द करायला लावली.

"मेमध्ये नको. आषाढात चला. लावणी बघा, मगे गाणी आयका."

"ह्या वयात माका चिखलात उतरवतलंस?"

"तुम्ही कसले उतरतास. बांधावर बसा आणि बघा."

हे हसले. "बरा. बघतंय," म्हणाले.

ह्यांच्यावर माझा राग नव्हता. पण ती अकरा वर्षं ह्यांनी एकदा डोळ्यांनी बघावी, एवढं मला हवं होतं. त्यासाठी मी आजारी माणसाचे दोन महिने घालवले.

ज्येष्ठात हे गेले. दुपारची वेळ, खिडकीजवळच्या खुर्चीत. एक गाणं संपलं, दुसरं सुरू झालं. मी आतून ओरडले, "बंद करा आता ते, भात वाढलाय." दोनदा ओरडले. मग बाहेर आले.

आषाढात मुलाबरोबर गावी गेले. त्याआधी गावी जाऊन चार वर्षं झाली होती. आमच्या शेतात कमरेएवढं गवत. शेजारचं शेतही तसंच. भावकीतला एक म्हातारा पडवीत बसला होता. तो म्हणाला, "लावणी कोण करतलो, वयनी? सगळे तुमच्याकडे मुंबैक."

म्हणजे ह्यांना आणलं असतं तरी दाखवायला काही नव्हतं. मेमध्ये आणलं असतं तर आंबे तरी होते.

परवा सुनेने मोबाइल हातात घेतला. "आई, बाबांची गाणी काढून टाकू?"

"राहू दे. तुझं काय अडतंय त्यांच्यामुळे?"

मी ती ऐकत नाही. दुपारी लावते आणि आत भात वाढायला जाते.