ज्ञानबाची वडाप आणि बजाबाईचं दही

सीटमागं भाडं घेऊन मोहोळ ते सोलापूर वडाप मारणाऱ्या ज्ञानबाला एकाच गोष्टीची घमेंड होती, महिन्यापूर्वी घेतलेल्या जीपच्या पिकअपची. पॅसेंजर टेकला न टेकला तोच गाडी सुटायची आणि पुढच्यांच्या टोप्या मागच्यांच्या मांडीवर उतरायच्या. "गाडी न्हाय, इमान हाय इमान!" असं तो सांगायचा. ऐकणारे मान हलवायचे. त्या गाडीत मानेला दुसरं काही करताच यायचं नाही.

अकरा वर्षं त्याची बोहनी बजाबाईच्या हातची. दह्याचं मडकं मांडीवर घेऊन ती बसल्याशिवाय किल्ली फिरवायची नाही, हा त्याचा नेम. एके दिवशी मात्र ती त्याच्या डोळ्यांदेखत दुसऱ्या वडापवाल्या बिभीषणच्या जीपमध्ये जाऊन बसली. "तुझी नवी गाडी सुटताना दही मोडतंय, बाबा. मोडल्यालं दही कोण घ्यील?" ज्ञानबाच्या ते फार जिव्हारी लागलं. दोन दिवस त्याला भाकरी गोड लागेना.

त्याची सोनम सोलापुरात अकरावी सायन्सला होती आणि बापाच्याच जीपनं कॉलेजला जायची. गाडी सुटताना तिनं मोबाइलवर वेळ मोजली.

"आप्पा, शून्यावरनं छत्तीसवर तुमी पाच सेकंदात जाताय. छत्तीस म्हंजे सेकंदाला दहा मीटर. दहा भागिले पाच, त्वरण दोन. दहा सेकंद घ्या, एकच हुईल."

"आन् हायवेला ऐंशीनं पळवतो तवा?"

"काटा हलत न्हाय. म्हंजे शून्य."

"ऐंशीला शून्य? तुझ्या मास्तरला एकदा बसव की गाडीत!"

पण हायवेवर दही कधीच मोडत नाही, हे त्यालाही माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं बजाबाईपुढं हात जोडले. "मावशी, आज एकडाव बस." ती बसली. ज्ञानबा ओठातल्या ओठात दहापर्यंत मोजत सुटला. बिभीषण हॉर्न वाजवत पुढं गेला, एक सायकलवालाही गेला, तरी गड्यानं दम धरला. सोलापूरचा पुणे नाका आला तरी दही जसंच्या तसं. आरशात बजाबाई हसताना दिसली आणि ज्ञानबाला एवढा आनंद झाला, की त्यानं कचकन ब्रेक मारला.

छत्तीसवरून शून्य, दोन सेकंदांत.

"उणे पाच," सोनम मागून बारीक आवाजात म्हणाली.

निम्मं दही बजाबाईच्या पदरावर आलं होतं. ज्ञानबाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हातारीनं पदर झटकला आणि मडक्यात डोकावून पाहिलं.

"सुटायला शिकलास. थांबायचं ऱ्हायलंय," ती म्हणाली. "उद्या यीन तुझ्याच गाडीत. पर मडक्यात पाणी घिऊन."