भाऊजींनी न विणलेले हातमोजे

माझ्या भाऊजींना कचेरीत सगळे ‘होयबा’ म्हणत. त्यांना हे ठाऊक होतं आणि त्याचं त्यांना काडीचंही वाईट वाटत नसे. उलट एकदा साहेबांनीच हसत हसत ‘आमचे होयबा कुठे गेले?’ असं विचारलं, तेव्हा घरी येऊन त्यांनी ती गोष्ट ताईला तीनदा सांगितली. साहेब टोपणनावाने हाक मारतात म्हणजे आपण आता त्यांच्या घरातलेच झालो, अशी त्यांची समजूत. अशा माणसाशी माझ्या सख्ख्या बहिणीचं लग्न झालं, आणि ते जमवताना ‘स्वभावाने गरीब आहे’ असं मीच तिला म्हणाले होते. गरीब आणि लाचार यांतला फरक मला तेव्हा कळत नव्हता.

भाऊजी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत हेडक्लार्क. उंचीने ताडमाड, पण साहेबांसमोर उभे राहिले की खांदे असे पाडायचे की डोकं बरोबर साहेबांच्या कानाशी यावं. माझ्या लोकरीच्या दुकानाच्या नळाचा अर्ज द्यायला मी एकदा तिथे गेले होते. कचेरीत गारठा इतका की शाई लिहिता लिहिता अडत होती. हीटर फक्त साहेबांच्या खोलीत. साहेब बाहेर येऊन म्हणाले, ‘आज थंडी आहे बुवा.’ भाऊजींनी लगेच मफलर काढून गळ्याभोवती गुंडाळला. साहेब म्हणाले, ‘पण कालच्याइतकी नाही.’ मफलर परत खिशात. मी तिथे बसले आहे हे त्यांनी पाहिलं आणि तरीही त्यांना लाज वाटली नाही.

ताई इस्पितळाच्या धुलाईखात्यात चादरींच्या घड्या घालायला जायची. साबणाने आणि गारठ्याने तिची बोटं हिवाळाभर फुटलेली. विणकाम आम्ही दोघी आईकडून शिकलो. मी शिकले लोकरीचं दुकान टाकण्यापुरतं. ताईच्या हातातच ते होतं. कुणाचा स्वेटर नुसता लांबून पाहिला तरी कुठे टाका चुकला आहे ते ती सांगायची, आणि ज्याचा स्वेटर त्याला कधीच सांगायची नाही.

त्या वर्षी कचेरीत अधीक्षकाची जागा रिकामी झाली, आणि त्याच सुमारास साहेबांच्या लग्नाला पंचवीस वर्षं होत होती. भाऊजी दुकानात आले. इतक्या वर्षांत माझ्या दुकानाची पायरी न चढलेला माणूस काउंटरवर कोपर टेकून गोड आवाजात म्हणाला, ‘अगं, तुझ्याकडची सगळ्यात मऊ लोकर दाखव बघू.’

‘कुणासाठी?’

‘बाईसाहेबांसाठी. त्यांना विकतचं काही आवडत नाही, हाताने केलेलं लागतं. हिवाळ्याचे हातमोजे द्यायचं ठरवलंय. बोटांचे नाहीत, पिशवीसारखे, अंगठा तेवढा वेगळा. वर नक्षी पाहिजे. बघणाऱ्याने बघत राहावं अशी.’

‘आणि विणणार कोण?’

‘कोण म्हणजे? तुझी ताई. तिला दुसरं काय काम असतं?’

मी लोकर काढली, पण बाईसाहेबांच्या हाताचं माप कुठून आणणार, असं विचारलं. तर या गृहस्थाने खिशातून कागद काढला! बाईसाहेब कचेरीत आल्या होत्या, त्यांचा चामड्याचा हातमोजा टेबलावर राहिला, आणि भाऊजींनी तो कागदावर ठेवून पेन्सिलीने गिरवून घेतला होता. मग मोजा पुसून, दोन्ही हातांत धरून, बंगल्यावर पोचता केला होता. कागदावरची ती पेन्सिलीची रेघ ते मला इतक्या भक्तिभावाने दाखवत होते की मला शिसारी आली.

ताईने काही कुरकुर केली नाही. तीन आठवडे ती कामावरून येऊन खिडकीशी बसायची आणि चार सुयांवर गोल विणायची. गडद निळी जमीन, मनगटावर पांढऱ्या पानांची वेल, आणि हाताच्या पाठीवर पंख पसरलेला एक पक्षी. दोन रंगांचं काम. आतून धागे ओढले गेले तर बोटं अडकतात, सैल सुटले तर नक्षी ढिली पडते. ताईचं आतलं अंगही बाहेरच्याइतकंच नीट. भाऊजी शेजारी खुर्ची टाकून बसायचे आणि सूचना करायचे. ‘पान जरा मोठं घे. पक्षी जरा रुबाबदार कर. साहेबांच्या घरचा आहे तो.’ अंगठा त्यांनी तिला दोनदा उसवायला लावला, कारण त्यांच्या मते तो ‘साधा’ दिसत होता. शेवटी ताईने त्यावर एक चांदणी घातली.

लग्नाच्या वाढदिवसाचा बंगल्यावरचा प्रकार मला ताईनेच दुसऱ्या दिवशी सांगितला. पाहुणे जमले होते. बाईसाहेबांनी मोजे हातात घालून पाहिले, सगळ्यांना दाखवले आणि म्हणाल्या, ‘सुरेख! बायको विणते वाटतं? पुरुषांना कुठे असल्या गोष्टी सुचतात!’

यावर भाऊजी म्हणाले, ‘नाही बाईसाहेब, मीच विणले. लहानपणी आजीने शिकवलं होतं.’

ताई त्यांच्यापासून दोन हात अंतरावर उभी होती. हातात चहाचा कप, बोटांवर अजून सुईचे वळ.

‘आणि तू काय म्हणालीस?’ मी विचारलं.

‘काय म्हणणार? चहा प्यायले.’

‘रागबिग आला की नाही तुला?’

‘त्यांची आजी ते जन्मायच्या आधीच गेली,’ ताई म्हणाली. ‘मला आधी तेच आठवलं.’

आता थाप मारणारी माणसं जगात पुष्कळ आहेत, पण थाप मारायलाही थोडी छाती लागते. भाऊजींनी मारली ती भीतीपोटी. बाईसाहेबांना पुरुषाने विणलेलं आवडेल असा नुसता वास आला, आणि हे त्या दिशेला वळले. पण बाईसाहेबांचं दर शनिवारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत महिलांचं विणकाम मंडळ भरायचं. चौथ्या दिवशी भाऊजींना निरोप आला: पुढच्या शनिवारी मंडळात येऊन पक्षी कसा विणायचा ते दाखवा.

त्यांची पाचावर धारण बसली. दुपारच्या सुट्टीत धावत माझ्याकडे आले. ‘मला शिकव. आठ दिवसांत.’

‘ताई आहे की घरात.’

‘तिला कसं सांगू?’

निदान एवढी तरी लाज त्यांना आहे, असं मला क्षणभर वाटलं. पण लगेच ते म्हणाले, ‘ती मनात धरून बसेल.’

मी त्यांना शिकवलं. खरं सांगते, मजा घेत शिकवलं. दुकानाच्या मागे पोत्यावर बसून हा ताडमाड माणूस घाम पुसत सुया धरायचा. टाके इतके घट्ट आवळायचा की सुई बाहेर निघताना किरकिरायची. पाचव्या दिवशी त्यांच्या हातून जे तयार झालं त्याला पायपुसणंही म्हणता आलं नसतं. सहाव्या दिवशी ते आलेच नाहीत. शनिवारी आले ते थेट वाचनालयात, उजव्या मनगटाला पांढरी स्वच्छ पट्टी बांधून, आणि सोबत ताई.

घरी काय बोलणं झालं ते मला नंतर कळलं. ‘तू फक्त बसायचं,’ त्यांनी तिला बजावलं होतं. ‘मी सांगेन तसं करायचं.’

‘तुम्ही सांगाल तसंच?’

‘तसंच. आपलं डोकं चालवायचं नाही.’

‘बरं,’ ताई म्हणाली होती.

मंडळाला लोकर मीच पुरवायचे, म्हणून मी हजर होते. पुढच्या रांगेत. दहा-बारा बायका, मधे टेबल, टेबलावर ते निळे मोजे. भाऊजींनी पट्टी बांधलेला हात उंच करून दाखवला. ‘हात मुरगळलाय. पण काही हरकत नाही, मी तोंडाने सांगतो, आमची मंडळी करून दाखवतील.’ बायका चुकचुकल्या. ताईने खाली मान घालून सुया उचलल्या.

‘आता तीन पांढरे,’ भाऊजी म्हणाले. ताईने तीन पांढरे घातले.

‘पंखाला चार लागतील ना?’ एक निवृत्त शिक्षिका म्हणाल्या.

‘हो हो, चारच.’ ताईने चौथा घातला.

‘पण या मोज्यावर तर दोनच दिसतायत,’ दुसरी म्हणाली.

‘बरोबर. दोन.’ ताईने दोन उसवले.

‘उलटे की सुलटे?’

भाऊजींनी शिक्षिकांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, बाईसाहेबांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ‘उलटे,’ ते म्हणाले. बाईसाहेबांच्या भुवया वर गेल्या. ‘म्हणजे सुलटे.’ ताईने एक उलटा घातला, एक सुलटा. जो जे म्हणेल त्याला हा माणूस होकार देत गेला, आणि ताई त्याचा प्रत्येक होकार विणत गेली. एकही टाका तिने स्वतःच्या मनाने घातला नाही. अर्ध्या तासात सुयांवर निळ्यापांढऱ्या गाठींचा एक गोळा लोंबकळायला लागला. आधी कुणीतरी खोकल्यासारखं हसलं, मग खोली हसायला लागली. मीही.

बाईसाहेब उठल्या. तो गोळा त्यांनी दोन बोटांत उचलून पाहिला आणि ताईला म्हणाल्या, ‘आता यांचं न ऐकता करा बघू. तुमच्या मनाने.’

ताईने सुया टेबलावर ठेवल्या. ‘मला नाही येत,’ ती म्हणाली. ‘यांनी शिकवलं तेवढंच येतं.’

खोलीतलं हसू थांबलं. भाऊजी मात्र अजून मान डोलावत होते.

परतताना ते ताईला म्हणाले, ‘तू मुद्दाम केलंस.’

‘तुम्ही सांगाल तसं केलं,’ ती म्हणाली. पुढे सबंध रस्ता ते दहा पावलं पुढे चालले.

आता त्यांची नाचक्की होऊन जागा गेली असेल, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. पंधरा दिवसांनी भाऊजी अधीक्षक झाले. साहेबांना मोज्यांचं काही सोयरसुतक नव्हतं. त्यांना त्या खुर्चीत मान डोलावणारा माणूस हवा होता, तो मिळाला.

बाईसाहेब त्यानंतर एकदा दुकानात आल्या. सहज म्हणाल्या, ‘मला बंगल्यावरच कळलं होतं हो. मोजे तुमच्या बहिणीने विणलेत ते.’

‘मग शनिवारी का बोलावलंत?’

‘गंमत! केवढी करमणूक झाली सगळ्यांची. बरं, त्यांना सांगा, मुलीसाठी एक जोड हवाय. तसाच पक्षी.’

म्हणजे लोणी लावणारा एक, आणि लावून घेणारी त्याहून वर. मी तावातावाने ताईकडे गेले. सगळं सांगितलं, बाईसाहेबांना पाच-सहा शिव्या घातल्या, भाऊजींना त्याहून जास्त. ताई चादर वाळत घालत होती. सगळं ऐकून घेऊन म्हणाली, ‘तिला सांग, मला येत नाही.’

‘सांगते. पण काय जिरवलीस ग तू त्यांची! बायका अशा हसल्या—’

‘तूही हसलीस,’ ताई म्हणाली.

तिने चादरीला एक झटका दिला.

‘मान खाली होती माझी. त्या यांना हसतायत की मला, ते कळत नव्हतं. तुझा आवाज तेवढा ओळखू आला.’

मी म्हणाले, मी भाऊजींना हसत होते. ती म्हणाली, असशील. आणि चादरीचं दुसरं टोक माझ्या हातात न देता स्वतःच ओढून सरळ केलं.

हिवाळा संपेपर्यंत ती माझ्याकडे फिरकली नाही. तिने विणणं सोडलं, हे मला भाऊजींकडून कळलं. आपले पायमोजे आता बाजारातून आणावे लागतात, अशी त्यांची तक्रार होती. नव्या खुर्चीने त्यांचे खांदे थोडे वर आले आहेत, पण फक्त हाताखालच्यांसमोर. त्यांच्याबद्दल माझं मत बदललेलं नाही आणि बदलणारही नाही.

ताई एका दुपारी आपणहून आली. धुलाईखात्यात तिला शिवणाच्या खोलीवर नेमलं होतं, फाटक्या चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे झगे. हाताखाली चार बायका. पोत्यावर बसून ती त्या चौघींच्या गमती सांगत राहिली. लोकरीच्या मांडणीकडे तिने पाहिलं नाही, मीही विषय काढला नाही. मी चहाचं आधण ठेवलं.

‘साखर कमी घाल,’ ती म्हणाली. ‘मागच्या वेळी पाक केला होतास.’